चकाकीचा नकाशा

रिकामं घर विकलं जात नाही आणि भरलेलं घरही विकलं जात नाही, हे ऋजुता मगदूमला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात समजलं. रिकाम्या खोल्या फोटोत गोदामासारख्या दिसतात. भरलेल्या खोल्यांत दुसऱ्याचे टॉवेल असतात, दुसऱ्याच्या औषधांच्या बाटल्या असतात, दुसऱ्याच्या लग्नातला फोटो असतो. गिऱ्हाईक तिथून नजर काढून घेतं. विकलं जातं ते तिसरंच घर, जे कुठेच नसतं. ते तिसरं घर तयार करणं हे तिचं काम होतं.

सांगली, मिरज, कुपवाड या भागात ती फ्लॅटचे फोटो काढायची. मग 'घरपण' नावाचं सॉफ्टवेअर त्या फोटोतलं खरं सामान पुसून टाकायचं आणि नवं मांडायचं: फिकट रंगाचा सोफा, उंच कुंडीतलं रोप, टेबलावर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं. कुपवाडातल्या एका वन रूम किचनमध्ये त्याने एकदा पियानो ठेवला होता. घरमालक निवृत्त फिटर होते. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आमची आमालाच जागा पुरंना, आन ह्यो कुठनं शिरला?"

असले घोळ पुढे थांबले, आणि ते कसे थांबले हे ऋजुताला तिच्या कामातलं सगळ्यांत सुंदर प्रकरण वाटायचं. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होती. माणूस घरात राहतो म्हणजे तो घर थोडंथोडं घासत असतो, एवढी साधी ती कल्पना होती. ज्या फरशीवर रोज पाय पडतात तिथे चकाकी बदलते, पण इतकी कमी की डोळ्यांना दिसत नाही. नवा कॅमेरा जमिनीलगत एका ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकतो, त्यातला किती सरळ परत येतो आणि किती विखुरतो हे मोजतो, आणि केसाच्या शंभराव्या भागाएवढी झीजसुद्धा पकडतो. भिंतींना, दाराच्या कडांना हाताचं तेल लागतं. ते तेल हवेत ठरावीक वेगाने जुनं होतं, त्यामुळे हात महिन्यापूर्वी टेकला की दहा वर्षांपूर्वी, हेही कळतं. या दोन्हींतून घराचा एक नकाशा तयार होतो. जिथे माणसं चालत नाहीत तिथे सोफा ठेवायचा, जिथे ती आपोआप थांबतात तिथे खुर्ची. पियानो गेला आणि फोटोतली घरं एकदम खरी वाटू लागली.

पण नकाशा एवढ्यावर थांबला नाही. माणूस कुठून चालतो याच्याबरोबर तो कसा चालतो हेही त्यात होतं. ओढला जाणारा पाय लांब ओरखडा सोडतो. तोल जाणारा माणूस भिंतीला एकाच उंचीवर हात लावत जातो. ज्याची स्मृती हरवायला लागली आहे तो त्याच त्या वाटेने फिरतो, दारापाशी थबकतो आणि परत वळतो. देशातल्या काही मोठ्या शहरांत विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांची घरं लोकांनी गोड बोलून लिहून घेतली होती. त्यावर उपाय म्हणून नियम आला: विकणाऱ्याचं वय पासष्टच्या वर असेल तर व्यवहाराच्या कागदांना घराचा चकाकी-नकाशा जोडायचा. नकाशा तपासणाऱ्या प्रणालीला शंका आली की व्यवहार थांबणार, जवळच्या नातलगाला कळवलं जाणार आणि सुनावणी होणार. चांगल्या हेतूने झालेला नियम होता. ऋजुताला तो तेव्हा आवडलाही होता.

*

चौगुले बाईंचा फोन आला तेव्हा तिने आवाज लगेच ओळखला, कारण एवढ्या वर्षांत तिला नुसतं 'मगदूम' म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

रत्नमाला चौगुले तिला आठवी ते दहावी विज्ञान शिकवायला होत्या. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि सांगलीच्या विश्रामबागेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नव्हतं. पुण्याला पुतण्या होता, तो महिन्याकाठी यायचा. बाईंनी फोनवरच सगळं नीट क्रमाने सांगितलं. घर विकायचं आहे. कोल्हापुरात राधानगरी रस्त्याला तळमजल्यावरचं एक घर आहे, ते त्या आणि शाळेतल्या दोघी जुन्या मैत्रिणी, कांबळे बाई आणि पी.टी.च्या भोकरे बाई, मिळून घेत आहेत. पुढे अंगण आहे. आपला वाटा महिनाअखेरीपर्यंत गेला नाही तर घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल, कारण घरमालक त्यापुढे थांबायला तयार नाही. इकडचा घेणारा जवळजवळ ठरलेलाच आहे, तेव्हा फोटो जाहिरातीपेक्षा कागदांसाठीच हवे आहेत.

"तुझं नाव एजंटाच्या यादीत दिसलं. म्हटलं, आपलीच पोरगी आहे."

ऋजुता सकाळी साडेनऊला पोचली. बाईंचा हॉल पूर्वेकडे होता आणि सरळ ऊन आत आलेलं असताना मोजणी चांगली होते. अकराच्या पुढे नाही. तिला बाराला मिरजेत दुसरं घर करायचं होतं. बाईंनी पोहे केले होते. ते तिने उभ्यानेच खाल्ले, खाताखाता दोघींनी मिळून जेवणाचं टेबल भिंतीशी सरकवलं आणि कॅमेऱ्याने जमिनीलगत हळूहळू फिरायला सुरुवात केली.

पडद्यावर नकाशा उमटला तेव्हा ऋजुताचा हात थांबला. टेबलाची जागा काळी, न झिजलेली, आणि तिच्याभोवती एक लखलखीत लांबट वर्तुळ. असं वर्तुळ तिने चारशे घरांत पाहिलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी किंचित आत ओढलेलं होतं, आणि बाल्कनीच्या दारासमोर एक तेजस्वी ठिपका होता, जिथे कुणीतरी पुन्हा पुन्हा उभं राहिलं होतं आणि टाचेवर वळलं होतं.

"बाई, हे बघा काय सुंदर आलंय," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. त्या काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात ऊन खिडकीच्या चौकटीला टेकलं, आणि बेडरूम अजून व्हायची होती. ऋजुता कॅमेरा उचलून आत गेली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

शेवटी फॉर्म होता. 'रहिवाशांच्या सवयी', त्रेचाळीस प्रश्न. घरात पाळीव प्राणी आहे का? कुणी चाकाची खुर्ची वापरतं का? घरात व्यायाम म्हणून नियमित चालणं होतं का? हे प्रश्न विकणाऱ्याला विचारून भरायचे असतात. पण सगळ्या जिल्ह्यात एकही फोटोग्राफर ते विचारत नव्हता, कारण त्याला चाळीस मिनिटं लागतात आणि तोवर ऊन जातं. फॉर्मच्या तळाशी एक बटण होतं, 'सर्व: लागू नाही'. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला कॅमेरा शिकवत आणि दुसऱ्या दिवशी हे बटण. कंपनीला हे ठाऊक होतं आणि कंपनी गप्प होती.

ऋजुताने बटण दाबलं आणि पडदा बाईंपुढे धरला. विद्यार्थिनींच्या प्रयोगवहीवर वाचल्याशिवाय कधी सही न केलेल्या चौगुले बाईंनी चष्मा खाली न घेताच बोटाने सही केली.

"मी वाचत नाही गं. तू भरलंयस ना."

*

अकराव्या दिवशी बाईंचा पुन्हा फोन आला.

"मगदूम, मला पत्र आलंय. मी भटकते म्हणे."

ती गेली तेव्हा बाई हॉलमध्ये पत्र पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पत्रावर 'निवास-व्यवहार सुनावणी कक्ष' असा शिक्का होता. भाषा सभ्य होती. घराच्या नकाशात एकाच मार्गावरून वर्तुळाकार, हेतुहीन वाटणारी पुनरावृत्त हालचाल आढळली आहे. बाहेर जाण्याच्या दारापाशी थबकून परत फिरणं आढळलं आहे. ही हालचाल जुनी आहे आणि अलीकडेही चालू आहे. रहिवाशाने व्यायामाची कोणतीही सवय नोंदवलेली नाही. स्मृतिभ्रंशाचा संकेत: उच्च. व्यवहार स्थगित.

"हेतुहीन," बाई म्हणाल्या. "शतपावली आहे गं ती."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितलं, पण तीन मजले उतरायला बंदी केली. चौगुल्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होत असे. त्यानंतर दोघं टेबलाभोवती चालायचे, ते आतल्या बाजूने, त्या बाहेरच्या. एका फेरीला बावीस पावलं. पाच फेऱ्या केल्या की शंभराच्या वर दहा, आणि ती वरची दहा मोजण्यात चूक झाली असली तर म्हणून. बाल्कनीशी आलं की ते दम खायला थांबत आणि खालच्या दुकानात कोण आलंय ते बघत. ते गेल्यावर बाईंनी बाहेरची वाट सोडली नाही आणि बाल्कनीशी थांबायचंही सोडलं नाही. दोन्ही वेळा, अठ्ठावीस वर्षं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात कुणालाही विचारलं असतं तर त्याने ते वर्तुळ एका वाक्यात ओळखलं असतं. पण प्रणालीला शिकवायला वापरलेली हजारो घरं कुठली होती कोण जाणे. तिथली माणसं जेवून सोफ्यावर बसत असतील. आणि फॉर्ममधला जो एक प्रश्न प्रणालीला हे समजावू शकला असता, त्याच्यापुढे ऋजुताने 'लागू नाही' लिहिलं होतं.

तिने ते बाईंना सांगितलं. काही न लपवता, बटणासकट. बाई ऐकत होत्या. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सगळेच असं करतात?"

"सगळेच."

"मग इतरांच्या घरी कसं निभावलं?"

"इतरांच्या घरी वर्तुळ नव्हतं, बाई."

"माझं नशीब बघ," बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "चल, चहा टाकते. दुरुस्ती करता येत असेलच की."

*

दुरुस्ती करता येत नव्हती. कंपनीच्या मदत क्रमांकावर एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की संकेत येण्याआधी फॉर्म कितीही वेळा बदलता येतो, नंतर नाही. नंतर प्रत्येकच जण म्हणतो की आम्ही व्यायाम करत होतो. ऋजुताने तिला विचारलं की शतपावली म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे का. ती म्हणाली, हो, माझे आजोबा करतात. मग थोडं थांबून म्हणाली, पण मॅडम, तसा पर्याय इथे नाहीये.

ऋजुताने पुन्हा मोजणी करायचं सुचवलं. पुन्हा मोजणीतही तेच वर्तुळ येणार होतं, फरशी काही बदलली नव्हती. फरशी घासून पॉलिश केली तर? तो पुरावा पुसण्याचा प्रयत्न ठरला असता, आणि ताजं पॉलिश कॅमेऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

नियमाप्रमाणे पुतण्याला कळवलं गेलं होतं. अभिनंदन दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला. पंचेचाळिशीचा, जरा थकलेला, सज्जन माणूस होता. त्याला फ्लॅटमध्ये रस नव्हता. त्याचं स्वतःचं बाणेरला मोठं घर होतं आणि त्याने काकींसाठी त्यात एक खोली कधीची मोकळी ठेवली होती. कोल्हापूरचा बेत त्याला आधीपासून पटला नव्हता: तीन म्हाताऱ्या बायका, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार? आता त्याच्या हातात पत्र होतं. तो त्याचा उपयोग करत नव्हता. तो नुसता घाबरला होता.

ऋजुता तिथे असतानाच त्याने काकींना विचारलं की गॅस बंद केला का. बाईंनी सांगितलं, केला. तो उठून बघून आला. गॅस बंदच होता. बाईंनी ते पाहिलं, आणि त्या दिवसानंतर त्या स्वतःही गॅस दोनदा बघू लागल्या. हे त्यांनीच ऋजुताला सांगितलं.

"पूर्वी विसरत नव्हते का मी? विसरायचेच की. एकदा नववीच्या पेपरांचा गठ्ठा भाजीवाल्याकडे ठेवून आले होते. तेव्हा सगळे हसले. आता कुणी हसत नाही."

एका दुपारी ऋजुताने त्यांना प्रणालीच्या माहितीपत्रकातला आकडा दाखवला. शंभरातल्या ऐंशी वेळा बरोबर, असं कंपनी म्हणत होती. बाईंनी लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट ओढलं आणि पेन्सिल घेतली.

"आपल्या वयाचे हजार लोक घेऊ. त्यांतल्या किती जणांना खरंच हा आजार असेल?"

"साठ धरू."

"साठ. मशीन त्यांतले अठ्ठेचाळीस पकडणार. उरले नऊशे चाळीस, धडधाकट. त्यांतल्या शंभरी वीस जणांना ते उगाच पकडणार." पेन्सिल सरसर चालली. "एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकूण पकडले दोनशे छत्तीस आणि त्यांत खरे आजारी अठ्ठेचाळीस. पाचात एक."

ऋजुताला एकदम हायसं वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी हे पाकिटाच्या पाठीवर दोन मिनिटांत केलं होतं. याहून चांगला पुरावा कुठला? हे पाकीटच सुनावणीत ठेवू, असं ती म्हणाली.

बाई आकड्यांकडे बघत राहिल्या.

"ठेव की. पण पाचातला तो एक मी नाही, हे यातून कुठे येतं?"

तशी वैद्यकीय चाचणीही झाली. बाईंना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. वजाबाकी त्यांनी तपासणाऱ्यापेक्षा लवकर केली. पण समोरचा तरुण डॉक्टर लहान मुलीशी बोलावं तसं बोलत होता, त्याने त्या संतापल्या आणि संतापात पाचातले दोन शब्द गेले. अहवाल आला: सीमारेषेवर. वयाच्या मानाने ठीक. तथापि चिडचिड आढळली. म्हणजे सगळं परत त्या वर्तुळावर येऊन थांबलं.

महिना संपायला चार दिवस उरले होते. कांबळे बाईंचा रोज फोन यायचा. आम्ही घरमालकाला अडवून धरलंय, पण तो आता कुरकुरतोय. भोकरे बाईंनी तर अंगणात बॅडमिंटनची जागा आखूनसुद्धा टाकली होती.

*

सुनावणी अधिकारी कोरे हे केस पिकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर डाव्या बाजूला चकाकी-नकाशा होता, उजव्या बाजूला वैद्यकीय अहवाल आणि त्याच्यावर ते पाकीट. पाकीट त्यांनी खरोखर वाचलं. हिशेब बरोबर आहे असंही म्हणाले. पण तो कुणाही माणसाला लागू होईल, बाई, असं ते म्हणाले, आणि बाईंनी मान डोलावली.

अभिनंदनला त्यांनी विचारलं की काकींना घरात असं फेऱ्या मारताना तुम्ही पाहिलंय का. त्याने आठवून पाहिलं. काका असताना, कॉलेजच्या दिवसांत, बहुतेक पाहिलं असेल. पण तो महिन्याकाठी येतो तेव्हा जेवून तिघं गप्पाच मारत बसतात, कारण त्याची बायको बरोबर असते. काकी पाहुण्यांसमोर फेऱ्या मारत नाहीत. शेजारी होते ते खालच्या मजल्यावरचे. त्यांनी पावलांचा आवाज ऐकला होता, पण आवाजाला हेतू नसतो.

मग कोरे ऋजुताकडे वळले. त्यांनी पेन हातात घेतलं.

"मगदूम मॅडम, फॉर्ममध्ये तुम्ही चालण्यापुढे 'लागू नाही' म्हटलंय. आता म्हणता ती शतपावली आहे. हे तुम्हाला यांनीच सांगितलं, पत्र आल्यावर. बरोबर? मला एवढंच सांगा. पत्र यायच्या आधी तुम्ही स्वतः यांना शतपावली करताना कधी पाहिलंय? एकदा जरी पाहिलं असेल तरी मी तशी स्वतंत्र साक्ष लिहू शकतो. मग संकेताला काही अर्थ उरत नाही."

ते तिच्याकडे बघत थांबले. ऋजुताला कळलं की ते दार उघडून धरून उभे आहेत. त्यांनाही हे प्रकरण संपवायचं होतं. सगळ्या खोलीत एकही माणूस असा नव्हता, ज्याला बाईंचं वाईट व्हावंसं वाटत होतं.

"हो," ती म्हणाली. "पाहिलंय. दोनदा."

कोऱ्यांचे खांदे सैल झाले. पेन कागदाला टेकलं.

"नाही," चौगुले बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तिने पाहिलेलं नाही. ती माझ्या घरात पहिल्यांदा आली ती फोटो काढायलाच. सकाळी साडेनऊला आली, अकराला गेली. ते लिहू नका, साहेब. ती माझ्यासाठी खोटं बोलते आहे."

"बाई," ऋजुता हळूच म्हणाली.

"तू गप्प बस, मगदूम."

कोऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी फार काळजीपूर्वक विचारलं, "तुम्हाला कळतंय का, बाई, की यांच्या उत्तराने तुमचं काम होत होतं? आज संध्याकाळपर्यंत कागद मोकळे झाले असते."

"कळतंय."

"आणि कोल्हापूरचं घर?"

"तेही कळतंय."

"मग?"

बाईंना प्रश्नच समजेना. खरंच समजेना, त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात कुणी भलताच प्रश्न विचारल्यावर येई तसा गोंधळ होता. "मग काय? तसं झालंच नव्हतं."

कोऱ्यांनी लिहायला घेतलं. नियमाप्रमाणे नोंद वाचून दाखवावी लागते, तशी ती त्यांनी वाचली, नजर वर न करता. साक्षीदाराचा जबाब असत्य असल्याने वगळला. विक्रेती आपल्या हिताचा एकमेव पुरावा, परिणाम समजावून दिल्यावरही, स्वतःच नाकारते. व्यवहारातलं स्वतःचं हित ओळखण्याच्या क्षमतेबाबत संकेतास दुजोरा मिळतो. एक वर्षासाठी नातलगाची पालक म्हणून नेमणूक, त्यानंतर फेरविचार.

अभिनंदन उठून उभा राहिला. "साहेब, याचा असा अर्थ नाही होत. काकी पहिल्यापासून तशाच आहेत."

"मला ठाऊक आहे हो," कोरे म्हणाले. "माझ्यासमोर जे झालं ते लिहावं लागतं. दुसरं काय लिहू, तुम्हीच सांगा."

ते वाट बघत होते. कुणालाच सांगता येईना. थोड्या वेळाने त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. सही अभिनंदनने करायची होती. बाईंची सही आता लागत नव्हती.

*

बाहेर आवारात एक सिमेंटचं बाक होतं. अभिनंदन गाडी आणायला गेला. जाण्याआधी तो ऋजुतापाशी थांबला होता. त्याचे डोळे लाल होते.

"मॅडम, तुम्ही हेच काम करता. तुम्हाला काय वाटतं? काकींना खरंच काही नाहीये ना?"

ती ठामपणे नाही म्हणणार होती. पण आज एकदा तिने खात्री नसताना खात्रीने सांगितलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. तो मान हलवून गेला.

ती बाईंजवळ येऊन बसली. खोट्या जबाबाबद्दल तिचा परवाना सहा महिने बंद राहणार होता. ते तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. बाई रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्या आवारातल्या झेरॉक्सच्या टपरीकडे बघत होत्या.

"तू कशी जाणार?" त्यांनी विचारलं.

"स्कूटर आणलीय, बाई."

"हेल्मेट घाल."

मग त्यांनी फोन काढला आणि कांबळे बाईंना लावला. बोलणं थोडकंच झालं. नाही जमलं. नाही, कुणाची चूक नाही. तुम्ही दुसरी कुणीतरी बघा, पाटणे बाईंना विचारा, त्या तयार होतील. भोकरेला सांग, अंगण माझ्यासाठी थांबवू नकोस. पलीकडून कुणीतरी रडत होतं; ते ऋजुताला ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, रडतेस काय, पुण्याला ये की. फोन ठेवल्यावर त्यांनी पदराने फोनची काच पुसली. ती स्वच्छच होती.

ऋजुता म्हणाली की वर्षभराने फेरविचार आहे, तोवर आपण सगळं नीट तयार करू, ती स्वतः दर आठवड्याला पुण्याला येईल. बाई हं म्हणाल्या. बाणेरच्या घरात, दुसऱ्याच्या सवयींच्या वेळांत, त्या कशा राहतील आणि वर्षाने तिथल्या फरशीवर काय उमटलेलं असेल, याचा विचार ऋजुताला करायचा नव्हता, पण तो येत राहिला.

गाडी आली. अभिनंदनने उतरून दार उघडलं, काकींचा हात धरून त्यांना बसवलं आणि वाकून पट्टा लावून दिला. त्यांनी तो लावू दिला. दार लागलं. मग काच खाली आली.

"मगदूम."

"बाई?"

"तू कशी जाणार?"

"स्कूटरने, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळली.

माणसं विचारतात दोनदा. तिची आई तर दारात उभी राहून चार वेळा विचारायची, आणि तेही निरोपाचंच बोलणं असायचं, दुसरं काही नाही. ऋजुताने हे स्वतःला नीट समजावून सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात वर आलेला आहे आणि आपण घड्याळाकडे बघतो आहोत. पहिल्या वेळेपासून आताच्या वेळेपर्यंत नऊ मिनिटं झाली होती.